देव कुठला, कुणाचा आणि त्याचं देणं काय

तासगावकडच्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांनी विचारलं आहे: ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाचा कार्यक्रम घ्यायचा आहे, विषय ठरलाय 'आदिवासींची निसर्गपूजा'. मुलांना थोडक्यात काय सांगावं? आदिवासी हिंदूच ना? आपला आरेवाडीचा बिरोबा, पाटण-जावळीकडच्या देवराया हे सगळं त्यातलंच म्हणायचं का? आणि शाळेच्या भिंतीवर वारली देवचौक काढला, मुलांकडून तारपा नाच बसवून घेतला तर चालेल का?

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तयारीला तुम्ही लागलाच असाल. देवचौक, म्हणजे वारली लग्नात देवीसाठी काढतात तो चौक, भिंतीवर काढू नका आणि तारपा या वाद्यावरचा नाच ऑगस्टमध्ये नको. का नको, ते समजायला बाकीचं सगळं वाचावं लागेल, म्हणून जरा धीर धरा.

मी साताऱ्यात राहते. जव्हार-मोखाडा, मग नंदुरबारचा सातपुडा आणि पुढं गडचिरोली अशा भागांत लोकपरंपरांच्या नोंदी करण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. त्या जोरावर एक गोष्ट ठामपणे सांगते. आदिवासींच्या धर्माबद्दल 'तुम्ही काय मानता?' असं विचारलं तर बहुधा काहीच हाती लागत नाही. समोरचा माणूस हसतो, नाहीतर तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगतो. पण 'तुमचा देव कुठं आहे? तो कुणाकुणाचा? त्याला काय द्यायचं असतं आणि कधी? नाही दिलं तर?' असं विचारलं की अख्खी रात्र पुरत नाही. या धर्माचा जीव या प्रश्नांत आहे. जागा, नातं आणि देणं.

आता निसर्गपूजेचं बघू. जव्हार-डहाणूकडच्या वारल्याला प्रत्येक झाड देव नसतं, गडचिरोलीतल्या माडियाला प्रत्येक डोंगर देव नसतो. जव्हार-डहाणूच्या भागात पाड्याच्या शिवेवर वाघदेव असतो. लाकडी नाहीतर दगडी फळा, त्यावर वाघ कोरलेला, सोबत सूर्य-चंद्र. वाघबारशीला गाव जमून त्याला नारळ, कोंबडं, दारूची धार देतं. त्या रानात बिबटे खरेच फिरतात, गुरं नेतात. गावानं वाघदेवाचा मान राखायचा आणि त्यानं गुरंमाणसं राखायची, असा तो जुना करार आहे. वाघानं एखादं जनावर मारलं तर लोक आधी आपलंच काय चुकलं याचा विचार करतात. 'निसर्गाची पूजा' एवढं म्हटलं की हा करार, त्यातली भीती आणि त्यातली जबाबदारी, तिन्ही गळून जातात.

तसंच कणसरीचं. कणसरी ही धान्याची माय. नवं धान्य तिला दिल्याशिवाय घरात शिजत नाही. पहिल्या पावसानंतर रानात येणारी कवळीची भाजीसुद्धा देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. तिकडं भामरागडच्या माडियांत जे जे नवं येईल त्याचा पंडुम, म्हणजे नव्याचा सण, होतो आणि पंडुम होईपर्यंत ते खायचं नसतं. अलीकडं या प्रथांना 'पारंपरिक पर्यावरणरक्षण' म्हणायची पद्धत पडली आहे. फळ पिकेपर्यंत थांबल्यानं बी तयार होतं, रोपं येतात, हे खरं. पण त्या घरात बसून बघितलं तर कारण वेगळं दिसतं. ज्यांचा आधी हक्क आहे त्यांना आधी मिळालं पाहिजे, त्यांत देव आले आणि वाडवडीलही आले. मुलांना फायदा सांगा, पण लोक स्वतः जे कारण देतात ते डावलून सांगू नका.

वाडवडिलांवर जरा थांबते, कारण 'निसर्गपूजा' म्हटल्यावर सगळ्यात आधी तेच नजरेआड होतात. मेळघाटातले कोरकू गेलेल्या माणसासाठी सागाचा मुंडा, म्हणजे स्मृतीचा लाकडी फळा, कोरतात, त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतात. सिडोलीचा विधी होऊन मुंडा उभा राहिला की तो माणूस पूर्वजांत सामील होतो. पैशापायी हा विधी लांबतो, पण घरानं तो विसरायचा नसतो, ते देणं डोक्यावर राहतं. गोंडांत तर माणसाची ओळखच देवांच्या संख्येवरून ठरते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात, आणि एकाच गटातली कुळं एकमेकांची भावंडं असल्यानं त्यांच्यात सोयरीक होत नाही. तेलंगणातल्या केसलापूरला पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते, आपल्या चंद्रपूर-यवतमाळचे मेस्रामही तिथं जातात. पूजेचं पाणी गोदावरीवरून पायी चालत आणायचं असतं. तिथं कुळातल्या नव्या सुनांची नागोबाशी भेट घडवतात, त्या विधीला भेटिंग म्हणतात. सून देवाला भेटली की कुळाची झाली. आणि हा सगळा कुळाचार लिहिलेला कुठं आहे? परधानांच्या गळ्यात. गोंड कुळांच्या कथा परधान किंकरी या तंतुवाद्यावर गातात. म्हणजे एका समाजाचं स्मरण दुसरा समाज सांभाळतो. हे मला फार मोलाचं वाटतं आणि तुमच्या मुलांनाही ते नक्की सांगा.

आता जागेबद्दल. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. तिथले डोंगरिया कोंध तो डोंगर नियमराजाचा मानतात. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तिथल्या लोकांच्या धार्मिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभांनी ठरवावं. त्याच वर्षी १२ गावांच्या सभा झाल्या आणि बाराच्या बारांनी खाणीला नकार दिला. त्यांना 'देव दुसऱ्या डोंगरावर हलवा' असं सांगणं शक्यच नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाचंही तसंच. तिथल्या अनंगू लोकांची विनंती असायची की वर चढू नका. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. आपल्याकडं गडचिरोलीतल्या सूरजागडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिजाची खाण आहे. तिथले गावकरी खाणीबद्दल बोलताना ठाकूरदेवाचं नाव का घेतात, ते यावरून मुलांना उमजेल.

पण हे समजायला सांगलीच्या मुलांना ओडिशापर्यंत जायची तशी गरज नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये जाहीर झालं आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. त्या पट्ट्यातून उठलेली माणसं तुमच्या जिल्ह्यात आणि कोल्हापुरात राहतात. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांशी बोला. जमिनीचा तुकडा, घराची जागा, पाण्याची सोय यांबद्दल ते बोलतीलच. मग विचारा, देवाचं काय झालं? नवं देऊळ बांधलं असेल, पण 'मूळ ठाणं तिकडं' हे वाक्य बोलण्यात येतंच. ही माणसं अनुसूचित जमातीची असतील-नसतील, पण जागेला बांधलेला देव म्हणजे काय, ते तुमच्या मुलांना त्यांच्याइतकं कुणी नीट सांगणार नाही.

इथून तुमच्या बिरोबाकडं येते. धनगरांचा बिरोबा, माणदेशातला म्हसवडचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, डोंगरी तालुक्यांतल्या देवराया या सगळ्यांत आणि आदिवासी परंपरांत साम्य उघड आहे. बिरोबाच्या ओव्यांत देव मेंढरांबरोबर चालतो, वारुळातून प्रकट होतो. सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडून रात्रभर त्याची कथा गातात, ढोलावर गजी हा नाच करतात, देव अंगात येतो, भाकणूक म्हणजे पुढचं भाकीत होतं. जुन्या देवरायांत बिनघडीचा तांदळा, म्हणजे देव मानलेला न घडवलेला दगड, असतो, आणि काही देवांना डोक्यावर छप्पर चालत नाही असं गाव सांगतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी केल्या, तेव्हाही असे उघड्यावरचे देव त्यांना भेटले होते. आता देणगी जमली की गाव स्लॅबचं देऊळ उभारतं, फरशी घालण्यासाठी दोन जुनी झाडं जातात. त्या गावांवर मी रागावत नाही. देवाला चांगलं घर द्यावं ही त्यांची माया आहे. पण त्या देवानं छप्पर नको म्हटलं होतं, याची आठवण करून देणारं गावात कुणीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं.

तरी 'त्यातलंच' असं म्हणू नका. धनगर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाही, भटक्या जमातींच्या यादीत आहे, आणि त्याला अनुसूचित जमातीत घेण्याच्या मागणीवरून राज्यात मोठा वाद चालू आहे. शाळेच्या कार्यक्रमात 'हे सगळे आदिवासीच' असं बोललात तर दोन्हीकडच्या लोकांना दुखवाल. साम्य दाखवा, ओळख त्यांची त्यांना ठरवू द्या.

'हिंदूच ना?' या प्रश्नालाही माझं उत्तर तेच आहे, फक्त थोडी माहिती देते. राज्यघटनेनुसार अनुसूचित जमात असणं धर्मावर अवलंबून नाही. हिंदू, ख्रिश्चन, बौद्ध किंवा स्वतःचा वेगळा धर्म सांगणारा, कुणीही असला तरी तो जमातीचा राहतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढली तरच होतो. इंग्रजांच्या १९०१ च्या जनगणनेत यांना जीववादी, म्हणजे सगळ्या वस्तूंत जीव मानणारे, अशा अर्थाच्या रकान्यात टाकलं होतं. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांना मागास हिंदू म्हणत. आज जनगणनेत वेगळा रकाना नाही, पण 'इतर धर्म' या सदरात २०११ मध्ये ४९ लाखांहून जास्त लोकांनी सरना, म्हणजे झारखंडकडच्या आदिवासींचा धर्म, असं लिहून दिलं, १० लाखांहून जास्त लोकांनी गोंड धर्म लिहून दिला. झारखंड विधानसभेनं नोव्हेंबर २०२० मध्ये सरना धर्मासाठी स्वतंत्र रकाना मागणारा ठराव केला. दुसरीकडं डहाणूच्या महालक्ष्मीला चैत्रात जाणारे, गणपती बसवणारे, वारीला जाणारे आदिवासी हजारोंनी आहेत. एकाच घरात हिरवा हा आदिवासी देव, महालक्ष्मी आणि ख्रिस्ती सून मी पाहिली आहे, आणि त्या घरात त्यावरून भांडण नव्हतं. त्यामुळं मुलांनी विचारलं तर एवढंच सांगा की वेगवेगळे आदिवासी याचं वेगवेगळं उत्तर देतात. ते उत्तर देण्याचा हक्क त्यांचा आहे, तुमचा-माझा नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण ती मला फार महत्त्वाची वाटते. 'आदिवासी' म्हटलं की आपण पालघर, गडचिरोली अशी नावं घेतो. सांगली-साताऱ्यात पारधी आहेत, आमच्या डोंगरी तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. हे दोन्ही अनुसूचित जमातीत येतात. संख्येनं थोडे आहेत, म्हणून दिसत नाहीत. फासेपारध्यांचा देव घरात असतो, कुळाकुळाची देवी, जपून ठेवलेली, बाहेरच्यांना सहसा न दाखवलेली. या लोकांना १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय गेला नाही. जे देव इतके जपून ठेवावे लागले त्यांच्याबद्दल वर्गात सगळ्यांसमोर 'तू पारधी ना, तुमचं काय असतं सांग' असं कुणा मुलाला कृपया विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. त्याच्या आजीला तुम्ही घरी जाऊन, एकट्यानं, चहा घेत विचारलंत आणि तिनं नाही म्हटलं, तर ते नाही मान्य करा. आमच्या कामात न लिहिलेल्या गोष्टींची वही लिहिलेल्या वहीपेक्षा जाड असते आणि असावी.

आदर म्हणजे सगळं गोड मानणं असंही नाही. मी डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावातली आहे, त्यामुळं हे बोलायलाच हवं. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावातून हाकलतात. हा गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा अशा छळाला लागू होतो. त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत आदिवासी कार्यकर्ते आहेत, आदिवासी बायका आहेत. पण म्हणून प्रत्येक भगत भोंदू ठरत नाही. भगत गावाचे सण लावतो, देवाला गाऱ्हाणं घालतो, झाडपाला जाणतो, घरातली भांडणं मिटवतो. मी ओळखलेल्या चांगल्या भगतांपैकी कित्येकजण साप चावलेल्या माणसाला आधी दवाखान्यात पाठवत. मुलांना दोन्ही गोष्टी सांगा, एकीच्या आड दुसरी लपवू नका.

आता देवचौक. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर, गेरू-शेणानं सारवलेल्या जागेवर, तांदळाच्या पिठानं सवाशिणी हा चौक काढतात. मधोमध पालघट देवी असते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी लग्न लावते, तीच गाणी म्हणते. म्हणजे पुरोहित बाई असते, हेही मुलींना आवर्जून सांगा. चौकाशिवाय लग्न होत नाही. तो काढणं म्हणजे देवीला त्या घरात, त्या लग्नासाठी बोलावणं आहे. लग्नाशिवाय, धवलेरीशिवाय, शाळेच्या व्हरांड्यात तो काढणं म्हणजे मुहूर्त नसताना कुणाच्या देवाला आवाहन करून मोकळं होणं. छापील चादरींवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर तो सर्रास दिसतो, त्यानं चूक बरोबर होत नाही.

वारली चित्रं काढूच नका, असं मात्र माझं म्हणणं नाही. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी हे रेखाटन लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणलं. भातशेती, मासेमारी, मुंग्यांची रांग, पाड्यातलं रोजचं जगणं त्यांनी रंगवलं आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती वाट एका वारली कलावंतानं स्वतः उघडी केली आहे. त्या वाटेनं तुमची मुलं खुशाल चालोत. पेरणी काढा, द्राक्षबाग काढा, मेंढ्यांचा कळप काढा. खाली वारली शैली आणि मशे यांचं नाव लिहा.

तारप्याचं कारण साधं आहे. तारपा हा वाळलेला दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचं वाद्य. पीक तयार झालं की तो वाजतो. तारपकरी पुढं, बाकीचे हात गुंफून मागं, नाचताना तारप्याकडं पाठ करायची नसते. ९ ऑगस्टला त्या भागात भातशेतीची धांदल असते. ज्या काळात तो त्यांच्या पाड्यावर वाजत नाही, त्या काळात आपण रेकॉर्डवर लावून, पानांचे घागरे घातलेली मुलं नाचवायची, हे कुणासाठी? पानांचा घागरा तर आज कुठलाच वारली घालत नाही. असे पोशाख मुलांच्या मनात जन्मभराची चुकीची चित्रं सोडून जातात.

माझा सल्ला असा. ९ ऑगस्टला विषयाचं नाव बदला आणि मुलांना आठवडाभर आधी घरी पाठवा. आपल्या गावाचा, भावकीचा देव मूळ कुठं आहे, आजच्या देवळाआधी तिथं काय होतं, पहिला मान कुणाचा, कुठल्या समाजाशिवाय जत्रा उभी राहत नाही, कुठली गोष्ट देवाला दिल्याशिवाय घरात खात नाहीत, कुठलं झाड तोडत नाहीत आणि तोडलं तर काय होतं, एवढं आजी-आजोबांना विचारून यायचं. मातंगाचा हलगीचा मान, धनगराचा ढोल, गुरवाची पूजा हे त्यातून आपोआप निघेल. मग कार्यक्रमात नियमगिरी, नागोबा, वाघदेव सांगितलेत की मुलांना ती गोष्ट परक्यांची वाटणार नाही, आणि आपलीच आहे असाही गैरसमज होणार नाही. संयुक्त राष्ट्रांचा १३ सप्टेंबर २००७ चा जाहीरनामा आदिवासी लोकांचं आपल्या भूमीशी असलेलं आध्यात्मिक नातं हा हक्क मानतो, तेही एका वाक्यात सांगा. नववी-दहावीच्या मुलांना ते कळतं.

तारपा ऐकवायचाच असेल तर दिवाळीनंतरची तारीख धरा. पाड्यावर जाऊन किंवा ओळखीतून तारपकऱ्याला विचारा, तारीख त्याच्या सोयीनं ठरवा. काय वाजवायचं आणि काय नाही, ते त्यालाच ठरवू द्या. मानधन आधी बोला, एसटीचं भाडं आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा द्या, आणि सोबत एक माणूस येणार हे धरून चाला. चित्रीकरण करायचं असेल तर तेही आधी विचारा. तो म्हणाला मोबाइल बंद, तर सगळ्या शाळेचे मोबाइल बंद, मुख्याध्यापकांचाही.